सोयरेकाका लढत जमवतात

मुक्केबाजाचे दंड, मनगट, छाती हे सगळं सोयरेकाका अगदी शेवटी बघायचे. आधी त्याचं घर बघायचे. पाणी कोण आणून देतं, पोराची आई चारचौघांत बोलते की नुसती मान हलवते, जेवताना पोरगं पहिली भाकरी स्वतःच्या ताटात ओढतं की धाकट्याच्या, एवढं बघून झालं की मग म्हणायचे, "हं, आता उभा राहा." आणि त्याच्या काखेत दोन्ही हात घालून त्याला चार बोटं वर उचलायचे. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. पण पोराला खाली ठेवता ठेवता वजन सांगायचा आणि मोंढ्यातल्या काट्यावर ते किलोभराच्या फरकानं बरोबर निघायचं.

यावरून कुणाला वाटेल की ते तालमीतले वस्ताद असतील. त्यांनी आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. नाव मुकुंदराव हट्टेकर. घराणं मूळचं हट्ट्याचं, पण हयात गेली वसमतला, तहसील कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीत कारकुनी करण्यात. नोकरी फक्त पोटापुरती होती. जीव होता लग्नं जुळवण्यात, म्हणून सगळे सोयरेकाका म्हणायचे. कुरुंद्यापासून शिरड शहापूरपर्यंत कुणाची मुलगी बारावीला आहे, कुणाच्या मुलाला नुकतीच नोकरी लागली आणि कोणत्या घरातली सासू गोड बोलून छळते, हे सगळं त्यांच्या वहीत होतं. ही वही मेणकापडात गुंडाळून कापडी पिशवीत, सोबत अडकित्ता आणि सुपाऱ्या. कोणत्याही समाजाचं घर असो, त्यांना ओसरीवर बसवून घेतलं जायचं. पत्रिका मात्र त्यांनी कधी बघितली नाही. "ग्रह लांब हायेत," ते म्हणायचे. "ते आपल्या घरी भांडायला येत न्हाईत. सासू येती."

मी त्या काळात वसमतला केबल चालवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझ्या गच्चीवर चार छत्र्या होत्या. त्यामुळे मी स्वतःला गावातला महत्त्वाचा माणूस समजायचो. भाजी घ्यायला गेलो तरी बाया विचारायच्या, आज कोणता पिक्चर लावता म्हणून. माझं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेल्या म्हशीचा शोध आणि लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी. स्वतःच्या लग्नाची कॅसेट बघायला लोक फार उत्सुक, दुसऱ्याच्या लग्नाची लागली की फोन करून शिव्या देत.

अशात एके दिवशी फौजी आले. फौजी म्हणजे किसन चव्हाण, कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचे, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. फौजेत मुक्केबाजी शिकले होते आणि आता तांड्यावरच्या पोरापोरींना शिकवत होते. शिकवायला हातमोज्यांच्या दोनच जोड्या, त्याही फौजेतल्याच. म्हणाले, "बबनराव, रविवारी अर्धा घंटा आमच्या लेकरांना टीव्हीवर दाखवा. लेकरं तयार होऊन राहिलेत, पन बगायला कुनी न्हाई." मी लगेच हो म्हणालो. म्हशींपेक्षा काही तरी वेगळं दाखवायला मिळत होतं.

रविवारी मोंढा बंद असतो. तिथल्या हळदीच्या लिलावाच्या ओट्यावर आम्ही मांडववाल्याच्या गाद्या टाकल्या, वर ताडपत्री ताणली, चार लोखंडी खांबांना बैलाचे कासरे बांधले आणि रिंग तयार झाली. कुणी कुणाशी लढायचं हे मी ठरवलं. शाळेत कवायतीला उभं करतात तसं सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि शेजारच्या शेजारी जोड्या पाडल्या. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं, झालं.

पहिली लढत मी कॅमेऱ्याचं भिंग साफ करेपर्यंत संपली. एक पोरगा गादीवर आडवा आणि दुसरा घाबरून त्याला वारा घालतोय. दुसऱ्या जोडीतले दोघं चुलतभाऊ निघाले. ते एकमेकांना मारायलाच तयार होईनात, नुसते गळ्यात हात घालून गोल फिरत राहिले. तिसऱ्या लढतीत दोन्ही बापांची बांधावरून कोर्टात केस चालू होती, हे मला ठाऊक नव्हतं. पोरं बाजूला राहिली आणि बाप कासऱ्याखालून आत घुसले. हे मात्र मी पूर्ण दाखवलं, आणि त्या दिवसाचं तेवढंच लोकांना आवडलं.

सोमवारी सकाळी मी कपाळाला हात लावून ऑफिसात बसलो होतो. सोयरेकाका वधू-वर मेळाव्याची जाहिरात द्यायला आले होते. त्यांनी सुपारी कातरत कातरत माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुमाला जोड लावता येत न्हाई, बबनराव," ते म्हणाले. "तुमी उंची बघितली. उंची काय, बांबूला पन असती."

"मग काय बघायचं, काका?"

"जो हरनार हाये, तो बघायचा. त्याला दुसऱ्या दिवशी रोजच्या त्याच एस.टी.त मान वर करून बसता आलं पायजे. तशी जोड लागली तर लढत बराबर लागली."

मला वाटलं, म्हातारा काही तरी बोलतोय. पण पुढच्या रविवारच्या जोड्या लावायला माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच लावा.

आणि त्यांनी लग्नं जुळवायची सगळी रीत उचलून जशीच्या तशी मुक्केबाजीला लावली. दोन्ही घरं बघायची. मग बैठक. दोन्हीकडची वडीलधारी माणसं माझ्या केबलच्या ऑफिसात समोरासमोर सतरंजीवर बसवायची, चहा द्यायचा आणि मग अटी बोलायच्या. किती फेऱ्या, मोजे आधी कुणी घालायचे, नाकातून रक्त आलं तर थांबायचं की पुसून पुढं चालायचं. दोन्ही आयांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं, बापाचं हो त्यांना पुरत नसे. सगळं ठरलं की अडकित्त्यानं सुपारी फोडून अर्धी अर्धी दोन्हीकडे द्यायची. सुपारी फुटली की लढत पक्की, मग माघार नाही. एका भावकीतली पोरं लढवायची नाहीत. एक बांध असलेली घरं लढवायची नाहीत. आणि ज्याची परीक्षा जवळ आली त्याचं नाव वहीतून काढून त्याला घरी हाकलायचं.

फौजींना आधी हे सगळं थट्टेचं वाटलं. "काका, फौजेत आमी वजन बघायचो आन घंटी मारायचो," ते म्हणाले. काका म्हणाले, "फौजेत तुमच्या आया नव्हत्या."  तिसऱ्या रविवारी मात्र फौजी स्वतःच मला सांगत होते की बबनराव, ह्या मानसाला फौजेत न्यायला पायजे होतं.

कारण लढती रंगायला लागल्या होत्या. शेवटच्या फेरीपर्यंत कोण जिंकतंय ते कळायचं नाही. मोंढ्याच्या त्या ओट्यात वर्षानुवर्षांची हळद मुरलेली, त्यामुळे कितीही झाडलं तरी पडलेलं पोरगं उठताना पिवळं होऊनच उठायचं. मग भोवतीची माणसं ओरडायची, हळद लागली, हळद लागली. फौजेतले हिरवे मोजे महिन्याभरात पिवळे झाले. शिरड शहापूर, हट्टा, कुठून कुठून पोरं नाव लिहायला यायला लागली. रविवारी दुपारी वसमतचे रस्ते मोकळे असायचे आणि वीज गेली की लोक वीज मंडळाच्या आधी मला फोन करायचे.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काका नुसत्या लढती जमवत नव्हते, ते तिथं नवरे बघत होते. पोरगं हरताना कसं वागतं, पंचाशी वाद घालतं का, आईकडे बघून तोंड फिरवतं का, हे सगळं वहीत जात होतं. आणि त्या आठवड्यात काका कुठल्या तरी मुलीच्या बापाला जाऊन सांगायचे, "परवा हरलेला तो पोरगा बघा. हरून आला आन समोरच्याचे मोजे सोडून दिले त्यानं. अशा पोराला लेक द्यावी." एका हिवाळ्यात तीन लग्नं तिथून जमली. मुलींचे बाप रविवारी जेवण लवकर उरकून टीव्हीसमोर बसू लागले. त्यातले कित्येक जण मुक्केबाजी बघतच नव्हते, लढत संपल्यावर काय होतं तेवढंच बघत होते.

ही गोष्ट फुटायला नको होती, ती फुटली. कुणी तरी पोरांना सांगितलं की काका हरलेल्याला बायको मिळवून देतात. पुढच्या रविवारी हट्ट्याचा आणि कुरुंद्याचा, दोघंही चांगली नोकरी असलेले, लग्नाच्या वयाचे गडी रिंगणात उतरले. पहिली फेरी दोघंही नुसते हात खाली सोडून उभे. एकानं हळूच ठोसा दिला, तर दुसऱ्यानं मान झुकवून तो घेतला आणि हसला. मग हसणाऱ्याला वाटलं, आपण फारच लवकर हसलो, म्हणून तो पडला. तो पडला हे बघून उभा असलेलाही घाईघाईनं पडला. दोघंही गादीवर आडवे आणि दोघंही हात जोडून एकमेकांना म्हणतायत, तुमी जिंकला, न्हाई न्हाई, तुमीच जिंकला. फौजी रिंगबाहेरून "उठा, लाज आना लाज" म्हणून ओरडत होते. मी कॅमेऱ्यामागे हसून हसून खाली बसलो, त्यामुळे त्या दिवशी लोकांना बराच वेळ माझ्या चपला दिसल्या.

काका हसले नाहीत. ते दोघांजवळ गेले, वही उघडली आणि दोघांच्याही नावापुढं काही तरी लिहिलं. मी नंतर चोरून बघितलं. दोन्हीकडे एकच शब्द होता, लबाड.

आता जमुना. ती शिरड शहापूरकडच्या तांड्यावरची, वसमतच्या कॉलेजात शिकायला यायची. हळद पॉलिश करायचा ड्रम हातानं फिरवून फिरवून तिचे खांदे असे तयार झाले होते की फौजींनी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाव न विचारता मोजेच पुढं केले. काकांनी तिच्या जोड्या लावताना सगळ्यात जास्त घरं पालथी घातली, कारण तिच्या तोडीची मुलगी सापडायची नाही. नांदेडहून, परभणीहून मुली आणल्या. जमुना जिंकत गेली. तिची आई सोनाबाई, जिला ती याडी म्हणायची, प्रत्येक बैठकीला यायची आणि एकच वाक्य बोलायची, "काका, जशी नेता तशी आनून द्या." काका म्हणायचे, "देतो." सुपारी फुटायची.

तिच्या लढतीची एक कॅसेट कशी तरी मुंबईच्या एका मोठ्या चॅनलपर्यंत पोचली. त्यांचा नव्या मुक्केबाजांचा कार्यक्रम होता, दर शनिवारी, झगमगाट दिवे लावून. एक दिवस त्यांचा माणूस गाडी घेऊन माझ्या ऑफिसात आला. त्याच्या जाकिटाला इतके खिसे होते की आम्ही त्याला खिशेवाले साहेबच म्हणू लागलो. त्यांना जमुना हवी होती. औरंगाबादच्या पल्लवीशी लढत. पल्लवीचे फोटो मी पेपरात बघितले होते. ती त्यांची लाडकी होती, एकही लढत हरली नव्हती.

मी तर हवेतच होतो. माझं चॅनल त्यांच्या चॅनलवर दिसणार, निदान नाव तरी घेणार. फौजींच्या डोळ्यांत पाणी आलं. जमुना कॉलेज सोडून सायकल मारत आली आणि दारात उभी राहून धापा टाकत राहिली. फक्त काकांनी सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "बसा. बैठक करू."

खिशेवाले साहेब हसत बसले. काकांनी वही उघडली.

"मुलीचं वजन?"

"दोन-तीन किलो जास्त असेल, काका. टीव्हीवर ते कळत नाही."

"तिच्या आईचं नाव काय?"

"आईचं? ते माहीत नाही."

"मग लढत कशी ठरवता तुमी?"

साहेब माणूस मात्र खरा होता. त्यानं सरळ सांगून टाकलं. "हे बघा काका, स्टार असाच तयार करावा लागतो. समोरची चांगली दिसली पाहिजे, जोरात लढली पाहिजे, पण शेवटी हरली पाहिजे. अशा आठ-दहा मुली पल्लवीसमोर हरल्या की ती मोठी होते. लोकांना जिंकणारी बघायची असते."

काकांनी पेन खाली ठेवलं. "आन त्या आठ-दहा जनी कुठं जातात मग?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. काकांनी समजावून विचारलं, जमुना हरली तर पुढच्या शनिवारी तिला दाखवाल का? साहेब म्हणाले, हरलेल्याला कोण बघतं. काकांनी वही मेणकापडात गुंडाळली आणि उठले. "ही सोयरीक जमत न्हाई," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी मोठ्या माणसाला बोलू नये ते बोललो. तुम्ही पोरीचं वाटोळं केलं म्हणालो. काका सायकल काढून घरी गेले. संध्याकाळी जमुना त्यांच्या अंगणात जाऊन बसली. मीही मागोमाग गेलो, थोडा वरमून.

"काका, मला लढायचंय," ती म्हणाली.

"तुला हरवायला बोलवून राहिले, पोरी."

"व्हय, मला कळतं. पन ती खरंच तयारीची हाये. तुमी आतापरेंत मला तिच्याइतकी चांगली आनून दिली का एक तरी? मी काहून भ्यावं? हरले तर हरले. तुमी फक्त हे बघा की मी हरून कुठं जाईन."

 काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हा माणूस काही तरी भलतंच करणार. त्यांनी रात्रीतून एक कागद तयार केला आणि सकाळी लॉजवर जाऊन खिशेवाल्या साहेबांसमोर ठेवला. अट एक, वजन काट्यावर बरोबर, कारण मोंढ्यात हळदीलासुद्धा पावशेराचा फरक चालत नाही. अट दोन, मांडवपरतणी. लग्न झालं की जावई आणि लेक माहेरी परत येतात, तशी पहिली लढत त्यांच्या मांडवात आणि परतीची आमच्या, वसमतला, मोंढ्यात. दोन्ही दाखवायच्या. पल्लवीशी लढायला आधी ठरलेल्या मुलीला ऐनवेळी कावीळ झाली होती आणि साहेबांची तारीख जवळ आली होती. त्यांनी हसत सही केली. त्यांना ते गावाकडचं काही तरी खूळ वाटलं असणार.

औरंगाबादला आम्ही पाच जण एस.टी.नं गेलो. मोठा हॉल, धूर सोडणारी यंत्रं, मोठमोठ्यानं गाणी. सोनाबाईनं सगळा वेळ कानांवर हात ठेवले होते. काका मात्र लढतीआधीच कुठं तरी गायब झाले. शोधलं तर ते मागच्या रांगेत पल्लवीच्या आईशेजारी बसून गप्पा मारत होते. कमलबाई तिचं नाव. विद्यार्थ्यांना डबे पुरवायची.

लढत फार सुरेख झाली. पहिली फेरी पल्लवीची, दुसरी आमच्या जमुनाची, एवढी की तिच्या एका ठोशानं पल्लवी कुशीत वाकली. तिसऱ्या फेरीत पल्लवी वरचढ ठरली आणि एका गुणानं जिंकली. दोघींनी मिठी मारली. दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.त जमुना खिडकीशी बसून शेंगा खात होती, तेव्हा काका माझ्या कानात म्हणाले, "बघा बबनराव, मान वर हाये."

ती मान शनिवारी खाली गेली. कार्यक्रम लागला आणि त्यात जमुनाचे सगळे ठोसे कापलेले होते. फक्त ती मार खातेय, मागे सरकतेय, एवढंच. अख्ख्या वसमतनं ते माझ्याच केबलवर बघितलं. कॉलेजातली पोरं हसली. तांड्यावर कुणी तरी सोनाबाईला म्हणालं की पोरीला मारून टाकलं असतं. जमुनानं फौजींकडं येणं बंद केलं. मी त्या दिवशी जेवलो नाही, हे माझ्या बायकोला अजून खरं वाटत नाही.

काकांनी चॅनलला परतणीची आठवण देणारी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. मग ते म्हणाले, "वडीलधाऱ्यानं पाठ फिरवली की मी आईला भेटतो," आणि पिशवीत दोन किलो हळद घालून एकटेच औरंगाबादला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते सरळ माझ्या ऑफिसात.

"जमलं," ते म्हणाले.

"चॅनल तयार झालं?"

"चॅनलला कोन विचारतं. कमलबाई तयार झाल्या."

झालं होतं असं की पल्लवी आमच्यापेक्षा जास्त चिडली होती. जमुनाच्या ठोशानं तिची बरगडी आठ दिवस दुखत होती, कुशीवर झोपता येत नव्हतं, आणि टीव्हीवर तो ठोसा दिसलाच नाही. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, किती सोपी होती ग ती. पल्लवीला हे सहन झालं नाही. तिनं मार खाल्ला होता आणि तो मोजला जावा असं तिला वाटत होतं. चॅनलनं नाही म्हटलं तरी ती येणार होती. सुपारी काका कमलबाईंच्या स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्यांमध्ये बसून फोडून आले होते. दुसरा तुकडा त्यांनी जमुनाच्या हातावर ठेवला, तेव्हा तिनं तो कडाकडा चावून खाऊन टाकला आणि संध्याकाळी ती मोजे घालून फौजींसमोर उभी होती.

परतणीच्या दिवशी मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं हळदीच्या पोत्यांवर, ट्रकच्या टपांवर, समोरच्या दुकानांच्या पत्र्यांवर. पंच तिघं, तिघंही बाहेरगावचे, शाळांमधले खेळाचे शिक्षक. काकांनी मला बजावलं होतं, "काहीच कापायचं न्हाई. पानी पितात ते पन दाखवा." मी काहीच कापलं नाही. पल्लवी घसरून पडली आणि पिवळी होऊन उठली तेव्हा लोकांनी हळद लागली म्हणून तिच्यासाठी इतका आरडाओरडा केला की ती स्वतःच हसायला लागली. जमुना मार खात होती तेही दिसलं, मारत होती तेही दिसलं. शेवटच्या फेरीत मी कॅमेऱ्यातून बघायचं विसरून गेलो आणि उघड्या डोळ्यांनी बघत राहिलो. दोन पंच जमुनाकडे, एक पल्लवीकडे. जमुना जिंकली.

मोंढा फुटला. फौजींना कुणी तरी उचललं, मग जमुनाला उचललं, मग गडबडीत एका पंचालाही उचललं. सोनाबाई माझ्या खांद्याला धरून हुंदके देत होती. जमुना वरून सगळीकडे मान वळवत होती आणि ओरडत होती, "काका कुठं हायेत?" ओट्याजवळ काकांची सायकल नव्हती. मला लगेच कळलं. मी एस.टी. स्टँडकडे पळालो आणि माझ्यामागे सगळी मिरवणूक.

औरंगाबादची गाडी लागलेली होती. काका आत होते. त्यांनी कमलबाईंची पिशवी वर ठेवली होती आणि खिडकीशी बसलेल्या एका माणसाला ते सांगत होते, "उठा तुमी. ह्या पोरीला खिडकी द्या. ती आज मुक्केबाजी करून आली." माणूस उठला. पल्लवी खिडकीशी बसली, गालावर हळदीचा पट्टा तसाच. तेवढ्यात जमुना खांद्यावरून उतरून खिडकीखाली येऊन उभी राहिली. हातावरच्या पट्ट्याही सोडलेल्या नव्हत्या.

"आता परतनी आमच्याकडं," पल्लवी खिडकीतून म्हणाली. मान चांगली वर होती.

ती लढतही झाली, हे इथंच सांगून टाकतो. काकांना ती बघायला मिळाली नाही. त्या हिवाळ्यात दुपारचं जेवून ते पडले ते उठलेच नाहीत. मी लहान मुलासारखा रडलो. पण लढत ठरलेल्या दिवशी झाली, कारण सोनाबाई आणि कमलबाई यांनी आमच्यातल्या एकाही पुरुषाला न विचारता सतरंजीवर समोरासमोर बसून सुपारी फोडली होती. हरली ती जिंकलेलीच्या घरी आठ दिवस राहून आली.

पण त्या दिवशी स्टँडवर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी पल्लवीचं बोलणं ऐकलं आणि तिच्याशेजारी बसकण मारून वही उघडली. "बराबर. बोला, कोनता महिना? वजन काट्यावरच." अडकित्ता काढला, मांडीवर सुपारी फोडली, अर्धी पल्लवीला दिली आणि अर्धी खिडकीतून जमुनाच्या पट्ट्या बांधलेल्या हातावर ठेवली. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली.

"काका, उतरा," मी ओरडलो. "गाडी निघाली."

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. टोपी वाकडी झाली होती, पेन कानावर होतं आणि त्यांना उतरायची अजिबात घाई नव्हती. "बैठक चालू हाये, बबनराव," ते म्हणाले. "माझी सायकल रसवंतीपाशी हाये, तेवढी घरी नेऊन टाका. आन घरी सांगा, मी पोरीला सोडून येतो."